नाशकात इंटर्नल ऑडिट करणारे आहात का कोणी? शिकायचं कुठे, विचारायचं कुणाला?

अंबडचा_एकांडा

लोकहो, विषय रुक्ष आहे, आधीच सांगतो. ज्यांना झोप येत नाही त्यांनी जरूर वाचावा.

अंबडमधल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी इंटर्नल ऑडिटला आहे. म्हणजे अख्खं डिपार्टमेंट मीच. दोन प्लांट अंबडला, एक सिन्नरला, आणि माणूस एक. आधी सहा वर्षं पुण्यात एका फर्ममध्ये होतो. तिथे अडलं की खुर्ची मागे सरकवायची आणि शेजारच्याला विचारायचं. घरच्या कारणाने दोन वर्षांपूर्वी नाशिकला परत आलो. इथे खुर्ची मागे सरकवली की भिंतीला लागते.

गेल्या आठवड्यातलं सांगतो. जॉबवर्कची चलनं तपासत होतो. आमचा माल प्लेटिंगला, मशिनिंगला बाहेर जातो. तो वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, आणि टॅक्स व्याजासकट बसतो. आमच्याकडे वर्षाच्या वरची ४३ चलनं उघडी निघाली. स्टोअरवाला म्हणतो, "साहेब, माल कधीच आला, इनवर्ड करताना पोराने चलन नंबर चुकीचा टाकला." खरं असेलही. पण मी ते कशावरून मानायचं? आणि रिपोर्टमध्ये किती जोर लावायचा? सीएफओंना (वित्तप्रमुखांना) विचारावं तर स्टोअर त्यांच्याच हाताखाली, आणि मीही.

तर दोन प्रश्न. वय ३४, एम.कॉम., सीएमए (कॉस्ट अकाउंटन्सी) इंटरवर गाडी थांबलेली. आता सीआयए (सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर) करण्यात अर्थ आहे का? आणि दुसरा, नाशकात या कामातली माणसं कुठे भेटतात? लिंक्डइनवर माझी नऊशे कनेक्शन्स आहेत, पण त्यातल्या एकालाही संध्याकाळी फोन करून "अहो, हे चलनाचं काय करू?" असं विचारता येणार नाही.

क्वालिटीकाका

सोपं आहे हो. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाचा इंटर्नल ऑडिटरचा कोर्स दोन दिवसांचा असतो, सर्टिफिकेट मिळतं. तुमची ऑटोमोटिव्ह कंपनी आहे म्हणजे आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या मानकाचाही करून घ्या. एचआरला सांगा, ते पाठवतात.

अंबडचा_एकांडा

काका, ते ऑडिट वेगळं. मी अकाउंट्स, खरेदी, स्टोअर, पगार या बाजूचा.

क्वालिटीकाका

वेगळं म्हणजे काय? तुमच्या प्लांटला आमच्यातला एक माणूस असणारच, मानकाच्या कलम ९.२ प्रमाणे ठरलेल्या अंतराने इंटर्नल ऑडिट करणारा. त्याला कधी भेटलात का? मी एकतीस वर्षं सातपूरला काढली. आमच्या फायनान्सच्या ऑडिटरने एकदाही मला विचारलं नाही की काका, तुम्ही या स्टोअरमध्ये काय पाहिलं. आम्ही प्रोसेस ऑडिट करताना लाइनवर उभे राहतो, ऑपरेटरशी बोलतो. तुम्ही लोक कॉन्फरन्स रूममध्ये एसी लावून एक्सेल मागवता. बाहेरून आलेला माल इन्स्पेक्शनशिवाय आत जात नाही. म्हणजे तुमच्या ४३ चलनांचा माल खरंच आला असेल तर आमच्या माणसाकडे त्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट सापडायला पाहिजे. बघा विचारून.

अंबडचा_एकांडा

काका, दंडवत. हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच विचारतो.

पंचवटी_अपडाउन

मी मुंबईला एका फायनान्स कंपनीच्या ऑडिटमध्ये आहे. आठ वर्षं नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन. सीआयए केलंय, तेही बरंचसं पंचवटीतच. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत नेटवर्क नसतं, त्यामुळे तेवढा वेळ निमूट अभ्यास होतो.

माहिती अशी. तीन पेपर. पहिला १२५ प्रश्न, अडीच तास. दुसरा-तिसरा प्रत्येकी १०० प्रश्न, दोन तास. सगळे पर्यायी उत्तरांचे. गुण २५० ते ७५० च्या पट्टीवर देतात, ६०० ला पास. क्रम तुमच्या मर्जीचा, पण नोंदणी केल्यापासून तीन वर्षांत तिन्ही व्हायला हवेत. पदवीधराला दोन वर्षांचा अनुभव पुरतो, तो तुम्हाला आहेच. घेणार असाल तर पुस्तकं जुनी घेऊ नका. इंटर्नल ऑडिटची नवी ग्लोबल स्टँडर्ड्स ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आणि अभ्यासक्रमही २०२५ मध्ये बदलला. माझ्याकडचे ढीगभर नोट्स आता रद्दी आहेत, म्हणून फुकट देत नाहीये.

अर्थ आहे का? नाशिकमध्ये पगारवाढीसाठी करत असाल तर नका करू. एचआरला सीआयए म्हटलं की अमेरिकेची गुप्तहेर संस्था आठवते. माझ्या सासऱ्यांना अजून तसंच वाटतं. पण मला एक फायदा झाला. आधी मी चूक सापडली की चूक लिहायचो. आता "ही चूक कुठल्या कंट्रोलच्या फटीतून आली आणि ती फट कोणाची" असं लिहितो. रिपोर्ट निम्मा झाला आणि भांडणंही निम्मी झाली. पास झाल्यावरही सुटका नाही बरं का, काम करत असाल तर दरवर्षी ४० तास शिक्षण दाखवावं लागतं, त्यातले दोन नीतिमत्तेचे.

स्टँडर्ड्स मात्र परीक्षा न देताही वाचा. पाच विभाग, पंधरा तत्त्वं, ५२ स्टँडर्ड्स. तिसरा विभाग तुमच्याच दुखण्यावर आहे, ऑडिटरने कोणाला उत्तर द्यायचं यावर.

खवचट_खंडू

नेटवर्किंग म्हणजे नोकरी बदलायची आहे हे सरळ सांगा की. आडून कशाला? तीन प्लांटला एक माणूस म्हणजे कंपनीला ऑडिट नकोय, ऑडिटर ठेवलाय हे दाखवायचंय.

सीए_गंगापूररोड

खंडूभाऊ, अगदीच चूक नाही तुमचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ मुळे पुष्कळ खासगी कंपन्यांना इंटर्नल ऑडिटर नेमावाच लागतो. मागच्या वर्षी उलाढाल २०० कोटींची किंवा जास्त असेल, किंवा बँकांचं कर्ज वर्षात कधीही १०० कोटींच्या वर गेलं असेल तर. नेमणूक कागदासाठी होते आणि मग माणूस तिथे लोणच्यासारखा मुरत बसतो. पण कागदासाठी नेमलेला माणूस चांगलं काम करू शकत नाही असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

मी प्रॅक्टिसमध्ये आहे, चार कंपन्यांचं इंटर्नल ऑडिट करते. (त्यांचं स्टॅट्युटरी, म्हणजे कायद्याने सक्तीचं हिशेबांचं ऑडिट, नाही. कलम १४४ प्रमाणे दोन्ही एकाला करता येत नाही. लोक अजूनही विचारतात म्हणून लिहिलं.) एकांडे भाऊ, आधी तुमचा चलनाचा प्रश्न. "माल आला" या वाक्याला तीन ठिकाणी पाय असतात: गेटचं रजिस्टर, इन्स्पेक्शन आणि सिस्टिम. काकांनी मधलं सांगितलं. गेटवर सिक्युरिटीचं इनवर्ड रजिस्टर बघा, गाडी नंबर आणि वेळ. ते रजिस्टर स्टोअरच्या हातात नसतं, म्हणून त्याची किंमत जास्त. शिवाय तुमचा आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म) कोणी भरला आणि त्यात काय दाखवलं ते पाहा. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर तो सहामाही असतो. फॉर्ममध्ये माल परत आल्याचं दाखवलंय आणि स्टोअरकडे चलन उघडं, असं असेल तर मजा आहे. आणि खरंच माल बाहेर असेल तर आयुक्तांकडून आणखी वर्षभराची मुदत मिळू शकते, कारण पटलं तर. म्हणून नुसतं घाबरवणारं लिहू नका, रस्ताही लिहा.

भेटण्याचं म्हणाल तर, आमच्या सीएंच्या संस्थेच्या नाशिक शाखेत कार्यक्रम होतात, चांगले होतात. पण खरं सांगू? निम्मी मंडळी सीपीईचे (सक्तीच्या चालू शिक्षणाचे) तास मोजायला येतात. तीन वर्षांत १२० तास भरायचे असतात, त्यामुळे वक्त्यापेक्षा हजेरीच्या कागदाकडे लक्ष जास्त. मी सुद्धा. मला जे शिकायला मिळालं ते जेवणाच्या रांगेत. तुम्ही सीएमएवाले आहात, तर नाशिक-ओझर चॅप्टरला जा ना! कॉस्टिंगवाल्यांना शॉपफ्लोअर आमच्यापेक्षा जास्त कळतं. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांनाही जा, तिथे ऑडिटर कमी आणि कारखानदार जास्त असतात, तेच बरं.

देवळालीकर

सहकारी बँकेत इन्स्पेक्शनला आहे, जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) केलेला माणूस. आमच्याकडे कोणी नेटवर्किंग म्हणत नाही, पण जिल्ह्यातल्या बँकांचे तपासनीस एकमेकांना नावाने ओळखतात, कारण सगळे एकाच परीक्षेच्या हॉलमधून आलेले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये ५०० कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या नागरी बँकांना जोखीम-आधारित ऑडिट लावलं, मार्च २०२२ पर्यंत अमलात आणा म्हणाले. आम्ही आयुष्यभर व्हाउचरला टिक मारणारे. "रिस्क मॅट्रिक्स बनवा" म्हटल्यावर घाम फुटला. शेवटी तीन बँकांचे पाच जण देवळालीत एकाच्या घरी दोन रविवार बसलो, प्रत्येकाने आपापल्या शाखा जोखमीप्रमाणे लाल-पिवळ्या-हिरव्या केल्या आणि एकमेकांना विचारलं, "ही शाखा तू हिरवी का केलीस?" त्या एका प्रश्नात जे शिकलो ते कुठल्याच पीडीएफमध्ये नव्हतं. माझी हिरवी केलेली शाखा मी घरी जाऊन पिवळी केली. कारण एवढंच की तिथला मॅनेजर सात वर्षांत सुट्टीवर गेला नव्हता, म्हणजे त्याचं काम दुसऱ्या कोणी कधी बघितलंच नव्हतं, आणि मी ते कौतुकाने सांगत होतो.

पंचवटी_अपडाउन

सात वर्षं सुट्टी नाही म्हणजे लालच करायची होती :)

वजनकाटा

निवृत्त आहे. पस्तीस वर्षं कारखान्यांत, त्यातली शेवटची अकरा ऑडिटमध्ये. उशिरा शिकलो म्हणून एक गोष्ट सविस्तर लिहितो.

आमच्याकडे भंगाराची विक्री दर आठवड्याला. लोखंडाचा चुरा, टर्निंग. रिकामी गाडी काट्यावर, मग भरलेली गाडी काट्यावर, फरक तो माल. काटा कॉम्प्युटराइज्ड, दरवर्षी वैधमापनचा शिक्का. कागद चोख. चार वर्षं मीच "निरीक्षण नाही" असं लिहिलं. एकदा गोंद्याच्या एका कारखान्यातले ऑडिटर लग्नात भेटले. पंगतीत बोलता बोलता म्हणाले, "तुम्ही गाडीचं रिकामं वजन गाडी नंबरने लावून बघता का?" मी नाही म्हणालो. पुढे ते काही बोलले नाहीत, जिलेबी घेतली.

सोमवारी वर्षभराच्या काट्याच्या पावत्या गाडी नंबरप्रमाणे लावल्या. एकाच ट्रकचं रिकामं वजन कधी ५,२४० किलो, कधी ५,४३०. ट्रक काही श्रावणात उपास करत नाही. डिझेलने एवढा फरक पडत नाही. मग एका गुरुवारी मी काट्याच्या खोलीत न बसता बाहेर बाभळीखाली उभा राहिलो. गाडी रिकामी म्हणून काट्यावर चढली तेव्हा मागे ताडपत्रीखाली पाण्याचे ड्रम आणि वर दोन हमाल बसलेले. काट्यावरून उतरल्यावर ड्रम भिंतीमागे उलटे केले. दर खेपेला दीडशे-दोनशे किलो माल फुकट. कागदावर काहीच खोटं नव्हतं, काट्याने खरंच तेवढं वजन दाखवलं होतं.

एसीएफई या अफरातफर तपासणाऱ्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात आहे की ४३ टक्के अफरातफरी कोणाच्या तरी टीपमुळे उघडकीला आल्या आणि इंटर्नल ऑडिटमुळे १४ टक्के. टिपांतल्या निम्म्याहून जास्त कर्मचाऱ्यांच्याच. आमचा वॉचमन ते ड्रम रोज बघत होता. मी त्याला अकरा वर्षांत "कसं काय" यापलीकडे विचारलं नव्हतं.

खवचट_खंडू

वा! आता कामाचं बोललात. मग भेटाच सगळे आणि आधी भंगारवाल्यांची यादी करा. अंबड-सातपूरला तेच पाच-सहा जण सगळ्या कंपन्यांत फिरतात. कोण ड्रम ठेवतो ते एकमेकांना सांगितलं की महिन्यात सगळे सरळ.

पंचवटी_अपडाउन

+१. वेंडरही तेच, प्लेटरही तेच.

सीए_गंगापूररोड

थांबा थांबा. हे अजिबात नाही. मला कंपनीने जे दाखवलं ते त्या कंपनीसाठी दाखवलं. उद्या मी इथे किंवा मिसळीच्या टेबलावर एखाद्याचं नाव घेतलं आणि ते खोटं निघालं तर त्याचा धंदा बसला. आणि खरं निघालं तरी माझ्या क्लायंटची आतली गोष्ट बाहेर गेलीच. नव्या स्टँडर्ड्सच्या दुसऱ्या विभागात गोपनीयतेचं अख्खं तत्त्व आहे, सचोटीच्या आणि क्षमतेच्या बरोबरीने. वजनकाटा काकांच्या त्या लग्नातल्या गृहस्थांनी काय केलं ते परत वाचा. नाव नाही, कंपनी नाही, गाडी नंबर नाही. फक्त "रिकामं वजन गाडी नंबरने लावून बघता का?"

खवचट_खंडू

म्हणजे चोर माहीत असून गप्प बसायचं?

वजनकाटा

खंडूशेठ, माझ्या ड्रमवाल्याचा बंदोबस्त माझ्या एमडींनी केला, मी नाही. ऑडिटर पोलीस नव्हे. हमालांचं पुढे काय झालं ते विचारू नका, ते मला अजून टोचतं. काढलं त्यांनाच आधी.

देवळालीकर

ताईंशी सहमत. आमच्या देवळालीच्या बैठकीतही खातेदाराचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं. एकाने घेतलं. पुढच्या रविवारी त्याला बोलावलं नाही.

क्वालिटीकाका

मिसळीचा विषय निघालाच आहे तर येत्या रविवारी सकाळी साडेआठ, मखमलाबादकडे जाताना कुठेही. ठिकाण व्यनितून. सगळ्यांनी फक्त एक अडलेला प्रश्न आणायचा. व्हिजिटिंग कार्ड आणणाऱ्याने बिल भरायचं.

अंबडचा_एकांडा

नक्की येतो. पुण्या-मुंबईच्या सेमिनारना जायचं तर एक दिवस रजा आणि चाकणचा ट्रॅफिक, त्यापेक्षा हे परवडलं.

सीए_गंगापूररोड

येईन. पण ३१ तारीख जवळ आहे, साडेनऊला पळेन.

अंबडचा_एकांडा

वृत्तांत.

सात जण येणार होते, चार आलो. काका, वजनकाटा सर, देवळालीकर आणि मी. ताईंचा निघताना फोन आला, क्लायंटचं पोर्टल बसलं होतं. खंडू आले नाहीत. (की दुसऱ्या टेबलावरून बघत होते?)

पहिली वीस मिनिटं अवघडलेली. देवळालीकर नि काकांना एकमेकांची भाषाच कळेना. काका "नॉन-कन्फॉर्मिटी" (मानकात न बसणारी गोष्ट) म्हणाले की देवळालीकरांना वाटायचं कर्ज थकलंय. मग मी लॅपटॉप काढला आणि जॉबवर्कचा पसारा दाखवला, नावाचा कॉलम लपवून. वजनकाटा सरांनी पहिला प्रश्न केला, "सॅपमध्ये एमबीएलबी लावलं का?" सॅप म्हणजे आमचं हिशेबाचं-स्टोअरचं सॉफ्टवेअर, आणि मी आजवर त्यातल्या एमबी ५१ या मालाच्या नोंदींच्या यादीवरच खेळत होतो. एमबीएलबीमध्ये प्रत्येक जॉबवर्करकडे आपला किती माल पडून आहे ते एका फटक्यात दिसतं. ५४१ या कोडने माल बाहेर गेला की त्याच्या नावे चढतो, परत येताना ५४३ ने उतरतो. सर म्हणाले, "सिस्टिममध्ये त्याच्याकडे शून्य आणि चलन उघडं, तर तुझा स्टोअरवाला खरं बोलतोय. सिस्टिममध्ये शिल्लक आणि चलनही उघडं, तर चहा पिऊन त्याच्या शेडवर जा आणि मोज."

सोमवार-मंगळवार तेच केलं. गेटचं रजिस्टर ताईंनी सांगितल्याप्रमाणे, इन्स्पेक्शनचे रिपोर्ट काकांनी सांगितल्याप्रमाणे. आमच्या क्वालिटीतला तो माणूस दोन वर्षं माझ्या वरच्याच मजल्यावर बसतोय, मी पहिल्यांदा त्याच्या टेबलाशी गेलो. त्याने फाइल काढायच्या आधी विचारलं, "माझ्याविरुद्ध आहे का?"

४३ पैकी ३८ तिन्हीकडे जुळली. स्टोअरचा पोरगा खरंच नंबर चुकवत होता, एकसारखे दिसणारे दोन कोड एकाखाली एक येतात म्हणून. त्या ३८ वर मी अर्धं पान लिहिलं, आणि उपाय म्हणून इनवर्डला चलन नंबर हाताने न टाकता यादीतून निवडायचा. सीएफओंनी वाचून "हे आयटीकडून करून घेऊ" एवढंच म्हटलं. दोन वर्षांतलं माझं सगळ्यात शांत रिव्ह्यू.

उरलेली पाच एकाच पार्टीची. गेटवर गाडी नाही, इन्स्पेक्शन नाही, सिस्टिममध्ये शिल्लक आहे. उद्या त्याच्या शेडवर जातोय, खरेदीच्या माणसाला बरोबर घेऊन.

एक कबुली. रविवारी या पार्टीचं नाव ओठावर आलं होतं. काकांच्या जुन्या कंपनीचं प्लेटिंग त्याच भागात व्हायचं हे त्यांच्या बोलण्यात आलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांनाही कळलं असावं. मी तर्री मागवली.

सीआयएचं फॉर्मपुरतं ठरलं आहे. पहिला पेपर मार्चपर्यंत. पंचवटीवाले, नोट्स रद्दीत टाकायच्या आधी एकदा दाखवा, नवं-जुनं ताडून बघतो.

पंचवटी_अपडाउन

रविवारी या, नाशिकरोडला. पाच किलो आहेत, रिक्षा करून या.

वजनकाटा

शेडवर जाताना माल मोजायच्या आधी तिथे आणखी कोणाकोणाचा माल पडलाय ते बघ. टॅग बघ. टॅग नसलेला ढीग दाखवून "हा तुमचाच" म्हणतात.

सीए_गंगापूररोड

आणि त्याच्याकडून शिल्लक मालाचं पत्र आधी मागव, लेखी. मग जा. पत्रातला आकडा त्याने तुला बघून ठरवायला नको.

क्वालिटीकाका

पुढच्या वेळी मिसळ नको, मला तीन दिवस ॲसिडिटी. कोणाकडे तरी पोहे ठेवा.